तारेखालची चिंच

"आदी मला सांग, ह्यांची बाज म्या कुठं टाकू?"

ठमाबाई बुंध्याला पाठ टेकवून बसली होती. ती उठल्याशिवाय चिंचेला करवत लावता येत नव्हती. फारुक आतारची माणसं दोर आणि कुऱ्हाडी खाली ठेवून बिड्या ओढत थांबली होती. फारुक तिच्यासमोर उकिडवा बसला.

पिंपळीच्या पुढं, मेंढ्या विकून शेतीला लागलेल्या धनगरांची ही चार घरांची वस्ती. पंच्याण्णव साली इंदापूरकडून बारामती एमआयडीसीला जाणारी नवी मोठ्या दाबाची लाईन वस्तीवरून निघाली. मनोरे उभे राहिले, तारा ओढायच्या राहिल्या होत्या. तारांखाली उंच झाड ठेवायचं नव्हतं. ती झाडं पाडायचं काम ठेकेदारानं फारुकला दिलं होतं. जळोचीत त्याची लाकडाची वखार होती आणि वस्त्यांवरची माणसं त्याला नावानं ओळखत होती. ठेकेदाराला करवतीपेक्षा ती ओळखच हवी होती.

ठमाबाईचा नवरा सोपान चिंचेखाली बाजेवर पडून होता. अर्धांगवायूनं त्याची डावी बाजू गेली होती. पत्र्याच्या घरात उन्हाळाभर भट्टी व्हायची, म्हणून सकाळी त्याची बाज चिंचेखाली यायची आणि दिवस मावळताना आत जायची.

"मावशी, झाडाची भरपाई मिळनार हाय," फारुक म्हणाला.

"भरपाईची सावली पडती व्हय?"

रस्त्यावर जीपमध्ये ठेकेदाराचे साहेब वाट बघत होते. त्यांनी एकदा हॉर्न वाजवला. फारुकला काय सुचलं कोण जाणे, तो ठमाबाईला सोडून सोपानकडे वळला.

"आबा, एवढी मोटी लाईन डोक्यावरनं चाललीया. वस्तीला लाईट आल्याबिगर ऱ्हाईल का? मंग घरातच पंखा लावा की. चिंच काय वारा देती?"

सोपानचा अर्धा चेहरा हलला. "पंखा?"

"व्हय. बाजेच्या बरूबर वर."

हे खरं नव्हतं. त्या तारांतली वीज वस्तीवर उतरणार नव्हती. ती सरळ एमआयडीसीजवळच्या सबस्टेशनात जाणार होती. वस्तीसाठी वेगळे खांब लागले असते, ते कुणी मंजूर केले नव्हते. चहा पिता पिता साहेबांनीच फारुकला हे सांगितलं होतं.

"ऊठ गं," सोपान जड जिभेनं म्हणाला. "त्येंचं काम खोळंबलंय."

ठमाबाईनं फारुककडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठली.

माणसांनी बाज उचलून घराशी नेली. चिंच पडली तेव्हा जमीन हादरली, पण सोपान तिकडे बघत नव्हता. तो शेजारच्या झुंबरला पंख्याबद्दल सांगत होता.

तारा ओढल्या गेल्या, लाईन चालू झाली. चिंचेचं खोड खाटकांच्या ठोकळ्यांना चांगलं म्हणून वखारीतून लगेच उचललं गेलं. फारुकला त्या बाजूला पुष्कळ काम होतं, तरी तो वस्तीवरून जाणारा रस्ता टाळू लागला. लांबच्या वाटेनं जायचा आणि कुणी विचारलं तर रस्ता खराब आहे म्हणायचा.

पुढच्या उन्हाळ्यात झुंबर वखारीत वासे घ्यायला आला.

"आबा बरा हाय का?" फारुकनं त्याच्याकडे न बघता विचारलं.

"हाय म्हनायचं. मावशी सावली बगून बाज वढती. सकाळी मागच्या अंगाला, दुपारनं म्होरं. आमी असलो तर हात लावतो, न्हायतर एकलीच." झुंबर वासा ठोकून बघत होता. "आबा मला रोज पुसतो, लाईट कवा येनार. फारुकनं सांगितलंय म्हंजी येनारच, म्हनतो."

झुंबर गेल्यावर फारुकनं वखारीतला पंखा बंद केला. दुपारची वेळ होती. माणसांना वाटलं, लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी तो टेंपोत बांबू आणि उसाचं पाचट घालून वस्तीवर गेला. माणसं नेली नाहीत. स्वतः खड्डे खणले, मांडव उभा केला, वर पाचट पसरून काथ्यानं आवळलं. सोपान बाजेवरून बघत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कशाला तरास घेतलास?"

काम झाल्यावर फारुक चुलीपाशी गेला. ठमाबाई भाकरी थापत होती.

"मावशी, म्या खोटं बोललो. ह्या लाईनीची लाईट हितं यायची न्हाय. आबास्नी सांगतो आन् माफी मागतो."

"मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवाच. माज्याकडं न बगता त्यास्नी सांगितलंस, तवाच."

"मंग तुमी उठला कशापायी?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"आजारी पडल्यापासनं ते कशाची वाट बगत नव्हते. त्या दिशी बगाया लागले." भाकरी उलटून ती म्हणाली, "तू आता कायबी सांगू नगंस. तुजं मन हलकं व्हईल. त्येंचं काय?"

वरच्या तारा बारीक गुणगुणत होत्या. मनोऱ्याची सावली शेतावर लांब पडली होती, पण ती नुसत्या रेघांची.

दिवस मावळला तशी बाज आत न्यायची वेळ झाली. एका बाजूनं फारुकनं धरली, दुसरीकडून ठमाबाईनं. सोपान किती हलका झाला आहे हे त्याला तेव्हा कळलं. घरात कंदील पेटवलेला होता आणि पत्रा अजून तापलेला होता.

"लाईट कवा रं येनार?" सोपाननं विचारलं.

ठमाबाईनं कंदिलाची वात वर केली.

"येईल, आबा," फारुक म्हणाला. "जरा टाईम लागंल."

सोपाननं मान हलवली. मग चांगला हात उचलून वर बोट केलं. बाजेच्या बरोबर वर, आढ्याला लसणाची जुडी टांगलेली होती.

"ठमे, ती काढ तितनं. पंख्याला अडल."

ठमाबाई डब्यावर चढली. जुडी सोडवून तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून फारुकच्या हातात दिली.