एकदाच पाठवलं असतं तर

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्यांची आमची एक मेलिंग लिस्ट आहे. लिस्टच्या पत्त्यावर मेल टाकली की सगळ्यांना पोचते, त्यामुळे उत्तरही तिथेच टाकलं की काम भागतं. पण आमच्यातले भाऊजी 'रिप्लाय ऑल'शिवाय दुसरं बटण दाबत नाहीत. मग प्रश्न विचारणाऱ्याला एकच उत्तर दोनदा मिळतं, एक लिस्टच्या पत्त्यावरून आणि एक थेट. लिस्ट सांभाळणाऱ्या काकांनी हात जोडून पाहिले. "एक हरवलं तर दुसरं असावं," हे भाऊजींचं उत्तर. हा माणूस दुकानाला कुलूप लावतो आणि अर्ध्या रस्त्यातून ते ओढून बघायला परत येतो. त्याला कोण समजावणार?

सगळ्यात जास्त जाच वहिनींना, म्हणजे भाऊजींच्या सख्ख्या भावजयीला. एका दुकानात दोघांचं जमेना, म्हणून वहिनींनी रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, स्वतःचं दुकान थाटलं. त्यांनी लिस्टवर काही विचारलं रे विचारलं की भाऊजी हजर : "वहिनी, हे मी तुम्हाला दाखवलं होतं." तेही दोनदा.

वहिनी खमक्या. त्यांनी लिस्टच्या सेटिंगमध्ये खूण केली : मेलवर माझा पत्ता आधीच असेल, तर लिस्टची प्रत मला नको. तरी थेट टोमणे येतच राहिले. मग एका वैतागाच्या दुपारी त्यांनी भाऊजींचा पत्ताच ब्लॉक केला. "आता काय ते लिस्टवर, चारचौघांत बोला," म्हणाल्या. आधी केलेली खूण त्या साफ विसरल्या होत्या.

पुढे एका मोठ्या कपडे कारखान्याचं काजं करायचं मशीन बंद पडलं. चाकू वर उचलणारी स्प्रिंग तुटली होती. मालकीणबाईंनी वहिनींना स्पष्ट सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत चालू झालं, तर वर्षभर सगळी मशिनं तुमच्याकडे. नाही तर आम्ही दुसरं कुणी बघतो." नव्या दुकानाचं पहिलं मोठं गिऱ्हाईक! वहिनींनी लिस्टवर विचारलं, अशी स्प्रिंग कुणाकडे आहे?

चिडीचूप. एका तेलाच्या थेंबावरून आठवडाभर भांडणारी माणसं आम्ही, आणि एकाचाही आवाज नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आली : "भाऊजींनी सगळ्यांना फितवलंय, कळलं मला. मी लिस्ट सोडते."

आम्ही चाटच पडलो. भाऊजींनी तर दोन्ही वेळा लगेच लिहिलं होतं : "वहिनी, माझ्याकडे आहे, घेऊन जा." ते वाचून आम्ही निवांत बसलो होतो. तिकडे भाऊजी स्प्रिंग काउंटरवर ठेवून धुमसत होते. समोरचं दुकान, पण बाईसाहेबांना रस्ता ओलांडवेना!

काकांनी वहिनींना फोन लावला. "अगं, उत्तर दोनदा आलंय."

"मला एकदाही नाही."

काकांनी सेटिंग उघडलं. "लिस्टची प्रत तूच नको म्हटलंयस. मेलवर तुझा पत्ता होता, म्हणून लिस्टनं पाठवली नाही. थेट आलेली कुठे गेली? भाऊजींना ब्लॉकबिक केलंयस का?"

पलीकडून बारीक आवाजात, "केलंय."

"मग दोन्ही दारांना तूच कडी घातलीस की गं!"

वहिनी तडक रस्ता ओलांडून गेल्या.

"आलात?" भाऊजी मान वर न करता म्हणाले. "दोनदा बोलावलं."

"तेच तर! एकदाच, नुसतं लिस्टवर बोलावलं असतंत, तर कालच आले असते." आणि त्यांनी ब्लॉकसकट सगळं सांगून टाकलं.

भाऊजींनी डोकं खाजवलं. मग कागदात गुंडाळलेली पुडी पुढे सरकवली. उघडली तर आत दोन स्प्रिंगा.

"एक हरवली तर," ते म्हणाले.

इतक्या दिवसांत वहिनी पहिल्यांदाच त्या दुकानात हसल्या, आणि दोन्ही घेऊन गेल्या.

संध्याकाळच्या आत मशीन धडधडू लागलं. वर्षाचं काम वहिनींचं झालं. त्यांनी लिस्टवर आभार मानले, आणि भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा नुसतं लिस्टला उत्तर दिलं : "शाब्बास, वहिनी."

मग दुकानाला कुलूप लावून, रस्ता ओलांडून, ते वहिनींच्या दारात उभे राहिले.

"पोचलं का?"