तीन कार्डांचे महाराज

२०१८ सालच्या मार्चमध्ये पिपलानी वसाहतीच्या सामुदायिक भवनात मुंगी शिरायला जागा नसायची. चौरंगावर हार घातलेला फोन, त्याला जोडलेला लाउडस्पीकर. भक्तानं आपल्या कार्डावरचा नंबर फिरवायचा आणि त्यानं तोंड उघडण्याआधीच श्रवणानंद महाराज पलीकडून त्याचं दुःख सांगायचे.

शशिकलाबाईंनी निळ्या कार्डावरचा नंबर लावला.

"आँखों का अँधेरा है ना, बेटी?" आवाज घुमला. "दवा बंद कर. इक्कीस दिन केवल मेरा जल डाल."

एकच जयजयकार उठला. "नलूताई, मी अवाक्षर काढलं नव्हतं हो!" शशिकलाबाई रडू लागल्या.

शेजारी बसलेल्या नलिनीबाईंनी मात्र ते कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. कार्डावरचा नंबर त्यांच्या ओळखीचा होता. त्या दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेल्या. दिवाळीत परीक्षित नावाचा एक गोडबोल्या घरी आला होता. "मावशी, रुग्ण, विद्यार्थी आणि कोर्टकचेरीतली माणसं, तिघांसाठी मदतकेंद्र काढतोय. फोन ज्याच्या त्याच्या टेबलावर गेला पाहिजे." या वयात आपल्याला कुणी विचारतंय, याचाच बाईंना कोण आनंद! दोन दुपारी खपून त्यांनी फोन वळवणारा गेटवे बसवून दिला, तोही फुकट. तोच परीक्षित आता महाराजांचा व्यवस्थापक म्हणून मिरवत होता.

"शशी, काचबिंदूचे थेंब सोडू नकोस," त्या घरी येताना म्हणाल्या.

"का? महाराजांना कसं कळलं मग, सांगा ना!"

नलिनीबाईंनी चालण्याचा वेग वाढवला. सांगायचं तर आपलं नाव सांगावं लागणार. ज्या वसाहतीत 'टेलिफोनवाल्या बाई' म्हणून मान, तिथे कसं तोंड दाखवायचं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता तीन आठवडे गेले.

बाविसाव्या दिवशी शशिकलाबाईंनी चहा कपाच्या बाहेर ओतला. नलिनीबाईंनी त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं डाव्यासमोर नेली. "माझी बोटं दिसतात?"

"कुठायत बोटं?"

त्याच संध्याकाळी नलिनीबाई भवनात थेट चौरंगाशी गेल्या.

"मावशी, लाईनमध्ये या," परीक्षित म्हणाला.

"लाईन मीच टाकलीय रे! सरक बाजूला."

त्यांनी एका आईच्या हातातलं हिरवं कार्ड घेऊन नंबर लावला. "बेटे की परीक्षा की चिंता है ना?" महाराज म्हणाले.

"मला मूलबाळ नाही, महाराज!" लोक हसले. मग त्यांनी गुलाबी कार्ड उचललं. महाराजांना त्यांचा घटस्फोट दिसला. नलिनीबाईंचं लग्नच झालेलं नव्हतं.

शेवटी त्यांनी कुठल्याच कार्डावर नसलेला, शेवटचे दोन आकडे बदललेला नंबर फिरवला. लाउडस्पीकरमधून आलं, "टूँऽऽऽ..."

"समाधी लागली वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हा डायल टोन आहे," नलिनीबाई म्हणाल्या. "फोन कुणी केला, त्याला काय दुखतंय, हे गेटवे बघत नाही. कुठला नंबर फिरवला, एवढंच बघतो. त्याच्या पोटात नियम असतात. ज्या नियमाशी आकडे पूर्ण जुळतील, त्याच्या टेबलावर तो फोन पाठवतो. निळी कार्डं डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर वाटली, हिरवी कोचिंग क्लासबाहेर, गुलाबी कोर्टाबाहेर. या चौथ्या नंबरासाठी मी नियमच लिहिला नव्हता. यंत्र गोंधळलं आणि पुढचे आकडे मागत बसलं. नियम माझ्या हातचे आहेत. तीन आठवडे मला हे माहीत होतं."

लोक उठून परीक्षितभोवती गोळा झाले.

महाराज म्हणजे आवाज घुमवणाऱ्या यंत्रामागे बसलेले तीन पगारी नोकर निघाले. परीक्षितला पोलिसांनी नेलं. जामिनावर सुटला आणि गाव सोडून गेला. शशिकलाबाईंचा उजवा डोळा शस्त्रक्रियेनं वाचला. डावा गेला तो गेलाच. वर्षभर त्या नलिनीबाईंशी बोलल्या नाहीत. पुढे बोलू लागल्या. पण 'नलूताई' म्हणत नाहीत, नुसतं 'तुम्ही' म्हणतात.

नलिनीबाई आता शाळाशाळांतून गेटवे मांडून दाखवतात. न सांगता तुमचं दुःख ओळखणाऱ्याला आधी विचारा, कसं ओळखलंत, असं त्या मुलांना सांगतात. आणि ज्याला ते कसं ओळखलं हे ठाऊक आहे, त्यानं सांगणं उद्यावर ढकलू नये, असंही. एवढं बोलून झालं की त्या डाव्या डोळ्याची गोष्ट सांगतात, आपल्या नावासकट.