लागलेला भात

आमचे बाबा किल्ल्या बनवतात. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल, त्यावर कानस आणि पितळेचा भुगा. आई असताना तिथूनच खेकसायचे, "अगं, भात लागला!" आई "बरं, बरं" म्हणत गॅस बंद करायची. मला भयंकर राग यायचा. बसल्या जागेवरून हुकूम सोडायला काय जातं? उठून बघावं की स्वतः.

आई गेली आणि कानस थांबली. बाबा टेबलापाशी नुसते बसून राहतात. जेवायला बोलावलं की अन्न चिवडतात आणि उठतात. गाल बसलेत, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. मी सासरहून राहायला आले ती एवढ्याचसाठी, की या माणसाने पोटभर जेवावं. भात तर असा करते, की पातेल्याला एक शीत चिकटत नाही.

काल त्यांनी पुन्हा ताट सरकवलं आणि माझी सटकली.

"एवढा मोकळा भात केलाय, तरी नको? आज ओरडायला काही मिळालं नाही म्हणून का?"



"तुझ्या आईला वास येत नव्हता," बाबा म्हणाले. "तुझ्या जन्मानंतर मोठा ताप आला, त्यात वास गेला, चवही गेली. काही करपलं तरी कळायचं नाही. म्हणून मी लक्ष ठेवायचो. कसं झालंय तेही मीच सांगायचो."

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाली. पोरगी हसेल म्हणाली. मी म्हटलं, मग मला ओरडावं लागेल. म्हणाली, ओरडा की, तुम्हाला शोभतं."

बोलताना ते हसले. मला मात्र रडू आवरेना.

आज मी भात चढवला आणि गॅस मुद्दाम मोठाच ठेवला. पाणी आटलं, तळ तडतडू लागला, करपल्याचा वास घरभर झाला. बाहेरून आवाज नाही. पातेलं वाया जाणार हे दिसत होतं, तरी मी हात बांधून उभी होते.

मग खुर्ची सरकली.

"अगं, भात लागला." आवाज बसलेला होता. "तुला वास येत नाही का?"

"नाही," मी म्हणाले. "सर्दी झालीय."

बाबा आत आले. माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच त्यांना कळलं असणार. त्यांनी गॅस बंद केला, उलथन्याने तळाची खरवड काढली आणि दोन वाट्यांत वाढली. एक तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "फक्कड झालीय. खा."

मी खाल्ली. कडूजहर होती. बाबांनी मात्र वाटी चाटूनपुसून संपवली, आणि मला आई आठवली. तिच्यासारखंच "बरं, बरं" म्हणत मी पुढचा घास घेतला.