गड्डा धरेपर्यंत

"हात लावू नकोस! अजून गड्डा धरायचाय."

सुरी हातात घेऊन सुनयना वाफ्याशीच थांबली. नुकत्याच दिल्लीत आलेल्या परदेशी कंपनीत ती नोकरीला होती. ऑफिसातली मंडळी आज जेवायला यायची होती आणि सॅलडला घरचं लेट्यूस घालायचा तिचा बेत होता. सासरे भालचंद्रराव उकिडवे बसून एकेक गड्डा अंगठ्याने दाबून बघत होते.

"बाबा, हा कोबी थोडाच आहे? हा मऊच असतो. बिल्कुल तयार आहे."

"बियांच्या पाकिटावर गड्डा छापलाय. घट्ट झाला की मी सांगेन."

सरकारी नोकरीत भालचंद्ररावांनी एकही कागद पिकल्याशिवाय टेबलावरून हलू दिला नव्हता. काही पिकून गळून पडले, ती गोष्ट वेगळी. निवृत्तीनंतर फरीदाबादच्या नव्या घरात त्यांच्या सहीवाचून कुणाचंच अडेना. दिवसच्या दिवस ते खुर्चीत बसून असत. सुनयनाने बियांचं पाकीट आणलं, तेव्हा कुठे उठले. म्हणून तिने सुरी परत नेली. पाहुण्यांनी काकडी खाल्ली.

होळीनंतर ऊन तापलं आणि गड्ड्यांतून कमरेएवढे दांडे वर आले. भालचंद्ररावांनी एक पान चावलं. कडूजहर! ते परत खुर्चीत जाऊन बसले. पेपरही उघडला नाही.

त्यांच्या पत्नी अलकनंदाबाईंनी त्याच पानांची लसणाची फोडणी घालून पीठ पेरून भाजी केली. सुनयनाने ती दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"मेथीसारखी लागते."

"तू मेथी खात नाहीस," भालचंद्रराव म्हणाले.

"आता खाईन."

"मी नाही खाणार," अलकनंदाबाई म्हणाल्या. "उद्या सगळं उपटून टाकते."

भालचंद्रराव सुनेच्या ताटाकडे बघत राहिले.

"दोन दांडे राहू दे. बी धरू."

डिसेंबरातल्या एका धुकट संध्याकाळी सुनयना ऑफिसातून आली, तर टेबलावर परात. घरच्याच बियांच्या लेट्यूसची हाताने तोडलेली लोण्यासारखी पानं, लिंबू, दाण्याचं कूट, वर हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी.

"अच्छा! धरला गड्डा?"

"नाही. तसाच मंजूर केला."

त्यांनी परात तिच्यापुढे सरकवली. अंगठ्यावर देठाचा पांढरा चीक वाळला होता. तो त्यांनी अजून धुतला नव्हता.