रजईचं वजन

माझ्या बायकोने, आबिदाने, नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या. आता कापसाच्या धुळीने तिला दम लागतो. तिच्या रजईत कापूस भरावा की फायबर, याबद्दल मी आठवडाभर वाचत होतो.

"चाचा, रजई भरायचीय की परीक्षेला बसायचंय?" पिंजारी हसला. ओशाळून मी फायबर सांगितलं.

दुपारी तिला थंडी वाजली, तेव्हा मी नवी रजई तिच्या अंगावर घातली.

"अहो, ही अंगावर हाय असं वाटतच न्हाय. जुनी काढा."

जुनी कापसाची होती, झटकली की धूळ उडायची. ती न काढता मी नव्या रजईवरून तिच्या छातीवर हात ठेवला.

"आता?"

"आता बरं वाटतं."

तिचा डोळा लागला. माझ्या हाताचा भार तिच्या छातीला होतोय का, हे विचारायला तिला उठवावं लागलं असतं.