वळता चेंडू कुणाचा?

माझा धाकटा भाऊ रोनिएल पहिल्याच वर्षी अमेरिकेत बेसबॉलचा बडा गोलंदाज ठरला. विशीतलं पोर! त्याच्या वळत्या चेंडूपुढे भले भले बॅट फिरवून तोंडघशी पडायचे आणि इकडे मायदेशी, आमच्या बानी गावात लोक गच्चीवर चढून पातेली बडवायचे. मीही बडवली. मग टीव्हीवर कुणीतरी विचारलं, हा चेंडू कुणी शिकवला? तर हा गाढव म्हणतो, "बाबांनी."

बाबांनी! रोनिएल दुपट्यात असतानाच आमचा बाप औषधाच्या दुकानातल्या बाईबरोबर पळाला. पोराला शिकवलं मी. इथेच, गल्लीत वितिया खेळताना. पाण्याच्या जारचं झाकण हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. झाकण धरायचं कसं, मनगट वळवायचं कधी, सगळं माझं. असा राग आला की त्याचा फोनच घेणं सोडलं.

डिसेंबरात तो घरी आला, मागोमाग टीव्हीवाले. आणि आमच्या ओट्यावर कोण? पिताश्री एलिजिओ! कडक इस्त्रीचा शर्ट, सेंटचा घमघमाट. "मीच घडवला हो याला," असं चाललेलं. मी शेजारी माझ्या पार्लरमध्ये, डोक्याला रोलर लावलेले. राहवेना, तशीच बाहेर आले.

"घडवलात ना? मग टाकून दाखवा," म्हणत झाकण त्यांच्या हातात कोंबलं.

कॅमेरा वळला. बापाला घाम फुटला. झाकण सुटलं ते थेट शेजारच्या फेलिपाबाईच्या घेवड्याच्या पातेल्यात.

"मेल्या, इतक्या वर्षांनी आलास तो माझं जेवण नासवायला?" फेलिपा कडाडली. गल्ली खिदळली.

मी भावाकडे वळले. "रोन्या, दांडा घे."

"ताई, जाऊ दे ना. सगळे बघतायत."

"म्हणूनच घे."

मी टाकलेलं पहिलं झाकण त्याने मुद्दाम हुकवलं. मला काय कळत नाही? दुसरंही तसंच. लोक टाळ्या पिटतायत, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात.

"भीक घालतोस होय रे मला? नीट खेळ, नाहीतर घरात पाऊल टाकू नकोस!"

मग तो वाकला, ओठ घट्ट मिटले. मी झाकण सोडलं. ते त्याच्या छातीकडे गेलं आणि ऐनवेळी खाली वळलं. त्याने जीव खाऊन दांडा फिरवला आणि अमेरिकेचा हिरो बुडावर आपटला.

कुणी हसेना. तो धुळीतच बसून राहिला. माइकवाली बाई धावली.

"तिकडे सगळ्यांचे बाप सामना बघायला येतात," तो म्हणाला. "मला लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. हा चेंडू हिचा आहे. मला अजून हिच्यासारखा जमत नाही."

बाप केव्हाच सटकला होता. मी तर रोन्याला चांगल्या शिव्या घालायचं ठरवून आले होते. पण कसलं काय! रोलरसकट, सगळ्या देशासमोर, हमसून हमसून रडले.