अकरा रिकामी भोकं

मिस्त्रींचा धर्म एकच: गाडीत रिकामं भोक दिसता कामा नये. एखादा बोल्ट सापडला नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळे थोरल्या बहिणीची नवी कोरी मोटरसायकल गॅरेजात आली, तेव्हा कौतुक राहिलं बाजूला, मिस्त्रींनी तिला नावंच ठेवली.

गाडी जुन्या वळणाची होती. गोल दिवा, फुगीर टाकी, सपाट सीट, इंजिन सगळं उघड्यावर. पण फ्रेमवर जागोजागी आटे पाडलेली भोकं, आणि एकातही बोल्ट नाही! मिस्त्रींनी मोजली. अकरा. "कारखान्यात सगळे झोपले होते की काय?" असं पुटपुटत त्यांनी सकाळभर डबे धुंडाळले आणि अकराच्या अकरा भोकांत बोल्ट आवळले. सीटखाली एक वायर वेटोळं करून ठेवली होती. टोकाला प्लग, पण कशालाच जोडलेला नाही. तीही त्यांनी टेप गुंडाळून गप्प केली.

दुपारी ताई आली. चार वर्षांपूर्वी तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून ती गाडीवर बसली नव्हती. मिस्त्रींना मोटरसायकल शिकवली ती हिनेच. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या मिस्त्रींना बारक्या म्हणणारी जगात आता ती एकटीच उरली होती.

तिने पिशवीतून मुठीएवढी मोटर आणि दोन बटणं काढली. "या नकली पायाला गिअर कळत नाही रे. ही लावली की अंगठ्याने गिअर पडतो. बनवणारा म्हणाला, बसेल बहुतेक."

"आणि नाही बसली तर?"

"तर उद्या गाडी परत. दुकानदार उद्यापर्यंतच घेणार, तेही फ्रेमला ओरखडा नसेल तर. मग हा नाद कायमचा सुटला म्हणायचं."

असलं काही बसवायचं तर फ्रेम कापायची, पट्टी वेल्ड करायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कापलं आणि जमलं नाही, तर ताईची गाडीही जाणार आणि पैसेही. तरी त्यांनी कटर जवळ ओढला, खडू घेतला आणि खूण करायला मोटर फ्रेमला लावून पाहिली.

मोटरच्या पट्टीची दोन भोकं त्यांच्याच दोन बोल्टांच्या डोक्यांवर बरोब्बर आली.

मिस्त्रींनी कटर बाजूला सारला. मग सावकाश पान्याने ते दोन बोल्ट काढले. मोटर बसली. तिची दांडी गिअरला लागली, बटणं हँडलवर बसली. टेप सोडून वायर ओढली, तर ती नेमकी मोटरपर्यंत पोचली आणि प्लग टक्कन आत गेला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "ही भोकं विसरलेली नव्हती गं. कुणीतरी मुद्दाम ठेवली होती. मी सगळी बुजवली सकाळी."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ताई हसली.

पण मिस्त्रींना हसू येईना. ही गाडी आखणारा माणूस कुठे बसला असेल कोण जाणे. त्याने ताईला पाहिलं नव्हतं, तिचा पाय पाहिला नव्हता. तरी कुणाला काय लागेल ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यासाठी त्याने जागा सोडली होती, आणि वर वायरही. तीस वर्षांत असला कारागीर त्यांनी पाहिला नव्हता.

ताईने गाडी सुरू केली. अंगठा दाबला, गिअर पडला, आणि ती फाटकातून बाहेर गेली. कोपऱ्यावर दुसरा गिअर, पुढे तिसरा. मिस्त्री एकेक मोजत होते. नंतर आवाजही ऐकू येईना.

अर्ध्या तासाने ती परतली. केस विस्कटलेले, डोळे ओले.

"बारक्या, दुकानदाराला फोन कर. म्हणावं, वाट बघू नकोस."

मिस्त्रींनी फोन केला. मग ते गाडीशेजारी मांडी घालून बसले आणि उरलेले नऊ बोल्ट एकेक करून काढू लागले.